वॉशिंग मशीनच्या मोटारीवर घरची पवनचक्की : कामाची किती, खेळाची किती?

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग व मेळघाटचे जंगल असून, दक्षिणेकडील भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. काळ्या जमिनीच्या ह्या मुलखात कपाशी, तूर, सोयाबीन व हरभरा ही मुख्य पिके होत. डोंगरपायथ्याच्या गावांतून पीक उगवल्यापासून ते घरी येईपर्यंत रोही, हरिण व रानडुकरे ह्यांपासून त्याची राखण करावी लागते. त्यासाठी शेतकरी मचाणावर जागल करतो. ओलितासाठी जेथे अद्याप रात्रपाळीची वीज मिळते, तेथे त्यास अंधारात बांधावरून फिरावे लागते आणि साप-विंचवाचे भय सदैव असते. अशा वेळी वावरातील झोपडीत एखादा खात्रीचा दिवा असावा आणि मोबाइल भारित करण्याची सोय असावी, ही अपेक्षा चैनीची नव्हे, गरजेची आहे.

ही गरज भागविण्याचा एक मार्ग म्हणून भंगारात निघालेल्या वॉशिंग मशीनची मोटार खांबावर चढवून, तिला पाती लावून, वाऱ्यावर वीज तयार करण्याची कल्पना खेड्यापाड्यांतील हुशार तरुणांच्या मनात घोळू लागली आहे. तिच्याकडे सामान्यतः दोन टोकांनी पाहिले जाते. वडीलधारी माणसे तिला पोरखेळ समजून हसण्यावारी नेतात. उलटपक्षी, ‘वारा फुकट, मोटार भंगारातली, तेव्हा पंपाचेही बिल गेले’ असे समजून कोणी उसनवारी करून लोखंड खरेदी करावयास निघतो. ही दोन्ही मते चुकीची आहेत. ह्या यंत्राने वीज निश्चित निर्माण होते. मात्र ती किती, केव्हा आणि कोणत्या कामापुरती, ह्याचा हिशेब अगोदर केला पाहिजे. तो हिशेब शेतकऱ्यास करून दाखविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.

कल्पना नवी नव्हे

वाऱ्यावर घरगुती वीज करण्याचा प्रयत्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ ह्या प्राध्यापकाने १८८७ साली पवनचक्कीवर विद्युत्घट भारित करून आपल्या घरात दिवे लावले. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात पोल ला कूर ह्यांनी १८९१ पासून पवनविजेचे प्रयोग केले आणि पुढे खेड्यांतील तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग चालविले. त्या देशात पवनविद्येचा पाया खेड्यातील शिक्षणातून घातला गेला, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे १९६० च्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पाणी उपसण्याच्या पवनचक्क्या तयार केल्या होत्या. आफ्रिकेतील मलावी देशात २००१-०२ च्या दुष्काळानंतर विल्यम काम्क्वाम्बा ह्या शाळा सुटलेल्या शेतकरी मुलाने सायकलचा सांगाडा व डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लास्टिकच्या नळ्या ह्यांपासून पवनचक्की उभारून घरात दिवे लावले, हे उदाहरण तर जगभर प्रसिद्ध आहे.

वॉशिंग मशीनच्या मोटारीचा असा उपयोग प्रथम रूढ झाला तो न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात. न्यूझीलंडमधील फिशर अँड पायकेल ह्या कारखान्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी पट्टा नसलेली, थेट पिंपाच्या कण्यावर बसणारी कायमचुंबकी मोटार आपल्या यंत्रांत वापरावयास सुरुवात केली. यंत्र निकामी झाले तरी ही मोटार बहुधा शाबूत राहते. दूरवरच्या मेंढपाळ-शेतकऱ्यांनी ती काढून पवनचक्कीस व ओढ्यावरील लहान पाणचक्कीस जोडली. तेथील ह्या यशाचे वर्णन ऐकून येथे कोणतीही मोटार उचलली, तर मात्र फसगत ठरलेली आहे.

कोणती मोटार चालते?

वॉशिंग मशीनच्या मोटारी मुख्यतः तीन जातींच्या असतात. आपल्या खेड्यांत व लहान शहरांत दोन टाक्यांची अर्धस्वयंचलित यंत्रे अधिक खपतात. त्यांतील मोटार कंडेन्सरवर चालणारी प्रवर्तनी मोटार असते. तिच्यात चुंबक नसतो. ती मिनिटास सुमारे १,४०० फेरे फिरते आणि तिच्यापासून वीज घ्यावयाची तर तिला त्याहून अधिक वेगाने फिरवून योग्य कंडेन्सर जोडावे लागतात. दोन मीटर व्यासाची तीन पात्यांची चक्की मंद वाऱ्यात मिनिटास १९० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे सात-आठ पट वेग वाढविण्यासाठी पट्टा वा दंतचक्रे हवीत आणि मिळालेल्या थोड्या शक्तीपैकी पुष्कळशी त्यांच्या घर्षणातच खर्ची पडते. भंगाराच्या दुकानात स्वस्त मिळणारी मोटार बहुधा हीच असते, आणि ह्या कामास ती निरुपयोगी आहे. लेथवर तिचा फिरता भाग तासून त्यात चुंबक बसविता येतात, पण ते कुशल कारागिराचे काम असून त्यात स्वस्ताई उरत नाही.

दुसरी जात कार्बन ब्रशच्या मोटारीची. समोरून दार उघडणाऱ्या जुन्या यंत्रांत ती आढळते. ती मिनिटास दहा हजारांवर फेरे घेते व तिच्यातही कायम चुंबक नसतो. तीही सोडून द्यावी.

तिसरी जात थेट जोडणीच्या कायमचुंबकी मोटारीची. एलजीसारख्या कंपन्यांच्या काही स्वयंचलित यंत्रांत ती असते. आकाराने ती परातीसारखी पसरट असून बाहेरच्या कड्यात चुंबकांची रांग व आत वेटोळ्यांची चकती असते. अनेक चुंबकध्रुवांमुळे थोड्या फेऱ्यांतही तिच्यात वीज निर्माण होते. पवनचक्कीस उपयोगी पडते ती हीच.

ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मोटारीच्या कड्याच्या आतील बाजूस लोखंडी खिळा धरावा. तो चिकटला पाहिजे. नंतर तिन्ही तारांची टोके एकत्र पिळून मोटार हाताने फिरवावी. टोके मोकळी असताना सहज फिरणारी मोटार टोके जोडताच जड झाली, तर ती वीज देणारी आहे असे समजावे. ही परीक्षा भंगाराच्या दुकानातच करावी. पैसे दिल्यानंतर कसोटी घेण्यात अर्थ नाही.

मोटार योग्य असली तरी ती जशीच्या तशी जोडता येत नाही. तिच्या मूळ जोडणीत एका फेजची सर्व वेटोळी एकापुढे एक अशी असतात. त्यामुळे विजेचा दाब जास्त व प्रवाह कमी मिळतो. भार नसताना हा दाब शंभर व्होल्टच्या वर चढू शकतो व त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी वेटोळ्यांची फेरमांडणी करावी लागते. समजा ३६ वेटोळी आहेत, म्हणजे प्रत्येक फेजची १२. त्यांचे तीन-तीनचे चार गट करून ते समांतर जोडले, तर दाब चौथाई होतो व प्रवाह चौपट घेता येतो. एकूण शक्ती तितकीच राहते. नंतर सहा डायोडांच्या साहाय्याने हा उलटसुलट प्रवाह एकदिश करून बॅटरीकडे न्यावयाचा असतो.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला तर शक्ती एक अष्टमांशावर येते. ही सगळी शक्ती पकडताही येत नाही. उत्तमोत्तम चक्कीसही शेकडा ५९ हून अधिक भाग घेता येत नाही, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्स ह्यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर गणिताने सिद्ध केले. घरी केलेल्या चक्कीत पाती, मोटार, डायोड व तारा ह्यांतील तूट वजा जाता शेकडा २५ भाग हाती आला तरी पुष्कळ झाले.

दोन मीटर व्यासाच्या, म्हणजे सुमारे साडेसहा फुटी, चक्कीचा हिशेब ह्या प्रमाणाने केल्यास ताशी सुमारे ११ किलोमीटर (सेकंदास ३ मीटर) वाऱ्यात १२ ते १३ वॅट, ताशी १४ किलोमीटर (सेकंदास ४ मीटर) वाऱ्यात ३० वॅट, ताशी १८ किलोमीटर (सेकंदास ५ मीटर) वाऱ्यात ६० वॅटच्या आत आणि ताशी २२ किलोमीटर (सेकंदास ६ मीटर) वाऱ्यात १०० वॅट वीज मिळते.

आता पाच अश्वशक्तीच्या पंपास किमान ३,७०० वॅट लागतात. सेकंदास ४ मीटर वाऱ्यात अशा सव्वाशे चक्क्या एकदम फिरल्या तरच तो पंप चालेल. एकाच चक्कीवर चालवावयाचा म्हटले तर तिचा व्यास २२ मीटर, म्हणजे सुमारे ७२ फूट, करावा लागेल. ‘भंगाराच्या मोटारीवर विहिरीचा पंप’ ही गोष्ट जो सांगेल, त्याच्यापुढे हा आकडा ठेवावा. अधिक वाद करण्याची गरज पडणार नाही.

मात्र ह्याच ३० वॅटमध्ये दुसरे काम होते. पाच वॅटचा एलईडी दिवा रात्रभर दहा तास जळला तर ५० वॅट-तास लागतात. एक मोबाइल भारित करण्यास १५ ते २० वॅट-तास पुरतात. म्हणजे जागलीची एका रात्रीची गरज ७० वॅट-तासांची आहे. मध्यम वारा दिवसातून अडीच-तीन तास वाहिला तरी ती भागते. ज्या यंत्राने पंपाचा विचारही करू नये, ते यंत्र झोपडीतील दिव्यास पुरे पडते. त्याची योग्य जागा ही आहे.

वारा केव्हा आणि गरज केव्हा?

येथे तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याने आपल्याच अनुभवाचा आधार घ्यावा. महाराष्ट्रातील मोठ्या पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, सांगली जिल्ह्यात व धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या बाजूस उभ्या आहेत. वऱ्हाडचे मैदान त्या तोडीचे वाऱ्याचे क्षेत्र नव्हे. येथे वैशाखात वारा वाढू लागतो, मृग ते आषाढ-श्रावणापर्यंत तो जोरात असतो आणि दसऱ्यानंतर पडतो. कार्तिक-मार्गशीर्षात कित्येक दिवस झाडाचे पान हलत नाही.

हरभऱ्याचे व गव्हाचे ओलित ह्याच वारा पडलेल्या महिन्यांत करावयाचे असते. तुरीची व हरभऱ्याची जागलही तेव्हाच असते. म्हणजे गरज अधिक तेव्हा चक्की उभी, आणि चक्की फिरते तेव्हा ओलिताची गरज नाही. ह्या एका कारणासाठी तेल्हारा भागात केवळ वाऱ्यावर विसंबून राहणे अव्यवहारी ठरते.

उन्हाचे मात्र उलट आहे. दसऱ्यानंतर आकाश निरभ्र असते. शंभर वॅटचे एक सौर पॅनेल अशा दिवसांत तूट वजा जाता ४०० वॅट-तासांच्या आसपास वीज देते, त्यास फिरता भाग नाही आणि देखभाल म्हणजे पुसून स्वच्छ ठेवणे एवढीच. आषाढ-श्रावणात ढगांमुळे पॅनेल मंदावते तेव्हा वारा असतो. कोवळी कपाशी व सोयाबीन हरिणांपासून राखावयाचे दिवसही तेच. सबब पॅनेल हा मुख्य आधार व चक्की ही पावसाळ्यातील जोड, हाच क्रम योग्य होय. केंद्र शासनाच्या लघु पवन ऊर्जा व संकर संच कार्यक्रमाखाली महाऊर्जेमार्फत महाराष्ट्रात जे लहान संच बसविले गेले, त्यांतही वारा व ऊन ह्यांची हीच सांगड होती.

पंपाचा प्रश्न ज्याला सोडवावयाचा आहे, त्याने चक्कीच्या मागे न लागता सौर कृषिपंपाच्या योजनेचा विचार करावा. राज्य शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा शेकडा १० व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा शेकडा ५ ठेवण्यात आला. ज्या पैशात लोखंडी मनोरा व बॅटऱ्या येतात, त्या पैशात हा वाटा भरणे अधिक शहाणपणाचे आहे.

हौस जिवावर बेतू नये

पवनचक्कीचा खरा धोका मंद वाऱ्यात नसून वादळी वाऱ्यात आहे. सेकंदास १० मीटर वाऱ्यात दोन मीटर चक्कीच्या पात्याचे टोक ताशी १८० किलोमीटर वेगाने फिरते. अशा वेळी पाते निसटले तर ते जिवावर बेतते. पाती पी. व्ही. सी. नळीची असल्यास वऱ्हाडच्या ४५ अंशांवरील उन्हाळ्यात त्यांचा ताठपणा कमी होतो व काही वर्षांनी ती ठिसूळ होतात. दरवर्षी मृगापूर्वी ती तपासून, तडा दिसताच बदलावीत. जोराच्या वाऱ्यात चक्की आपोआप बाजूस वळावी म्हणून मिटणारे शेपूट बसवावे. तिन्ही तारा एकत्र जोडून चक्की थांबविण्याची कळ खाली, हाताशी असावी, आणि वादळ येण्यापूर्वीच ती वापरावी.

बॅटरीच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. सौर पॅनेलचा साधा नियंत्रक चक्कीस जोडला जातो. बॅटरी भरताच तो प्रवाह तोडतो. पॅनेलचे त्याने काही बिघडत नाही. पण चक्कीवरील भार एकाएकी निघून गेल्याने ती बेफाम सुटते. चक्कीस असा नियंत्रक हवा की जो बॅटरी भरल्यावर जादा वीज तापतारेत वा दुसऱ्या भारात वळवील. भारित होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी, चुलीपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावी.

चक्की घराच्या छपरावर बसवू नये. घरे व झाडे ह्यांच्या आडोशाने वारा भोवऱ्यासारखा फिरतो. वीज मिळत नाही आणि हादऱ्याने भिंती मात्र खिळखिळ्या होतात. शंभर मीटरच्या टप्प्यातील सर्वांत उंच झाडाहून दहा मीटर उंच जागा ही तिची योग्य जागा. एवढा मनोरा चोहोबाजूंनी ताणतारांनी बांधलेला, खाली आडवा करता येणारा व भूमिगत तार दिलेला असावा. कारण पावसाळ्यात वीज कोसळण्याचे भय वऱ्हाडात मोठे आहे. विजेच्या तारांपासून त्याचे अंतर त्याच्या उंचीहून जास्तच हवे. महावितरणच्या खांबाचा आधार कदापि घेऊ नये, तसेच चक्कीची वीज घरातील नेहमीच्या वायरिंगमध्ये सोडू नये. तार बंद आहे ह्या विश्वासाने खांबावर चढलेल्या वायरमनचा तेवढ्याने प्राण जाऊ शकतो.

मग करावे काय?

प्रथम वारा मोजावा. त्यासाठी आरंभी यंत्राचीही गरज नाही. वारा नुसता तोंडाला जाणवतो व लिंबाची पाने सळसळतात तेव्हा वेग सेकंदास २ ते ३ मीटर समजावा. पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात तेव्हा साडेतीन ते साडेपाच. धूळ व कागद उडून लहान फांद्या हलू लागतात तेव्हा साडेपाच ते आठ. सकाळ, दुपार व रात्र अशी वर्षभराची नोंद वहीत ठेवावी. शाळेतील मुलांकडून ही नोंद उत्तम होऊ शकेल. महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांत वाऱ्याचा वेगही नोंदला जातो. त्या नोंदीशी आपली वही ताडून पाहावी. ज्या शिवारात वर्षातील निम्मे दिवसही पाने सतत हलत नाहीत, तेथे चक्कीचा विचार सोडून द्यावा.

दुसरे असे की, चक्की प्रथम शेतकऱ्याच्या पैशाने नव्हे तर शिक्षणाच्या अंगाने उभी राहावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून विद्यार्थ्यांनी जाणत्या निदेशकाच्या देखरेखीखाली एक संच बांधून वर्षभर त्याच्या विजेची नोंद ठेवली, तर तालुक्यास आपल्या वाऱ्याचे खरे माप मिळेल. चुंबकापुढून तार फिरली की वीज का होते, दाब व प्रवाह ह्यांचे नाते काय, बॅटरी का खराब होते, हे ज्या तरुणाने स्वतःच्या हाताने जाणले, तो उद्या गावातील सौर पंपांची दुरुस्तीही करू शकेल. चक्कीने दिलेल्या विजेहून हा लाभ मोठा आहे. म्हणून ह्या प्रयोगास पोरखेळ म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

तिसरे, ज्याला स्वतः करून पाहावयाचे आहे त्याने हातचे चार पैसे असतील तरच त्यात पडावे. ह्या कामासाठी कर्ज काढू नये, बियाण्याखताच्या पैशास हात लावू नये. मोटार स्वस्त मिळाली तरी मनोरा, ताणतारा, नियंत्रक व बॅटरी ह्यांचा खर्च मोटारीच्या अनेक पट असतो, आणि बॅटरी तर काही वर्षांनी पुन्हा घ्यावीच लागते. हा सर्व खर्च कागदावर मांडून त्याच रकमेत पॅनेल व दिवा किती येतात हे शेजारी लिहावे आणि मग निर्णय घ्यावा.

कार्यकर्त्याने शेतकऱ्यास नवी गोष्ट सांगावी हे जसे त्याचे कर्तव्य आहे, तसेच नव्या गोष्टीची मर्यादा वेळेवर सांगणे हेही आहे. पंपाच्या आशेने उभी केलेली चक्की एका हंगामात गंजत पडली, तर शेतकऱ्याचे पैसे जातात आणि पुढच्या खऱ्या सुधारणेवरचा त्याचा विश्वासही जातो. तेच यंत्र झोपडीतील दिव्यापुरते मनात धरून, वारा मोजून व सुरक्षिततेने उभारले, तर आषाढाच्या काळोख्या रात्री मचाणावरील माणसास उजेड देईल. तेवढ्या कामापुरते त्याचे स्वागत करावे, त्याहून अधिक आश्वासन कोणी देऊ नये व कोणी घेऊ नये.